पुढची दोन चाकं

रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

कंपनीची डायरी दर जानेवारीत फुकट मिळते आणि दर डिसेंबरात कोरीच्या कोरी रद्दीत जाते. यंदा ऑक्टोबरात का होईना, उघडली. कारण काल आमची गाडी सेक्टर ३५च्या चौकात बंद पडली ती पडलीच. इंडस्ट्रियल एरियातल्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बॉनेट हलकेच मिटलं. एकतीस वर्षं मी सरकारी विमा कंपनीत मोटार क्लेमचं काम करतोय. लोकांच्या गाड्यांपुढे ‘टोटल लॉस’ लिहिताना माझा हात कधी अडला नाही. स्वतःच्या गाडीचं कोणी तसं सांगितलं की कसं वाटतं ते काल कळलं.

नागपूर, भोपाळ, लखनौ, चंदीगड. एवढ्या बदल्या तिने काढल्या. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत, तोवर तिने रेटायला हवं होतं. पण तिलाही कंटाळा आला असेल.

आता वापरलेलीच घ्यायची, पण जरा उंच. खाली वाकून बसायचं म्हटलं की गुडघे कुरकुरतात. बघितलेल्या गाड्या डोक्यात राहत नाहीत, म्हणून ही डायरी.

संध्याकाळी वीणाने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, घेणारच आहात तर चारही चाकांना जोर असतो ती घ्या. आमच्या एवढ्या वर्षांच्या संसारात तिने गाडीबद्दल एकच गोष्ट विचारली आहे, एसी चालतो का. हे कुठून शिकलीस म्हटलं, तर म्हणे महाराष्ट्र मंडळात बायका बोलत होत्या. मंडळातल्या बायका उकडीच्या मोदकांखेरीज काही बोलतात हे मला नवीन होतं. वाद घालायचं त्राण नव्हतं.

गुरुवार, १० ऑक्टोबर

जेवताना वीणाला नीट समजावून सांगितलं. साध्या गाडीत इंजिनाचा जोर पुढच्या दोन चाकांना मिळतो. ती ओढतात, मागची दोन मुकाट मागून येतात. ऑल-व्हीलमध्ये चारही ओढतात. चिखलात, बर्फात, चढावर त्याचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण ती तेल जास्त पिते. मागच्या चाकांपर्यंत जाणारा दांडा, त्याचा डबा, हे सगळं आधीच्या मालकाने कसं वापरलंय देव जाणे. एक टायर गेला तर चारही बदला. आणि लोकांचा समज काही असो, ब्रेक लावल्यावर ती काही लवकर थांबत नाही. बर्फावर निघणं अवघड नसतं, थांबणं अवघड असतं. हे मी फायलींमध्ये फोटोंसकट बघितलेलं आहे. चारही चाकांत जोर आला की माणूस जायचं नाही तिथे जातो.

“वर्षातून किती वेळा जाणार आपण बर्फात?” मी विचारलं. “एकदाही नाही.”

“एकदाही का नाही?” वीणा म्हणाली.

मी आमटी वाढून घेतली.

ती जिचं नाव घेत नव्हती तिचं नाव इथे लिहितो, इथे कोण बघतंय. अवनी. आमची एकुलती एक. आयटी पार्कमध्ये चांगली नोकरी होती. शेजारच्या टेबलावरचा कुलदीप चौहान नोकरी सोडून वडिलांची सफरचंदाची बाग बघायला हिमाचलात परत गेला, आणि दोन वर्षांपूर्वी ही त्याच्याशी लग्न करून तिकडे गेली. घर शिमल्याच्याही पुढे, खडापत्थरच्या वर. हिवाळ्यात तो रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. लग्न सोलनला झालं. निरोपाच्या वेळी सगळे रडत होते आणि मी तिला म्हणालो, सणावाराला येत जा, आम्ही काही त्या डोंगरावर येणार नाही. मला वाटलं मी व्यवहाराचं बोलतोय. भोपाळ-लखनौत वाढलेली मुलगी, मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देते. डोळे पुसून म्हणाली, “ठीक है बाबा. बुलाओगे तो आऊंगी.”

मी बोलावलं नाही आणि ती आली नाही. फोन होतात. कुलदीप वाईट मुलगा नाही, दर सप्टेंबरात सफरचंदांची पेटी पाठवतो. मी रागावलेलो नाही. फक्त जात नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

रविवारच्या कार बाजारात गेलो. वीणा सोबत आली, हेही नवीन. जसविंदर नावाच्या दलालाने एक ऑल-व्हील दाखवली, पांढरी, सहा वर्षांची. “सरजी, चारों पहिये खींचते हैं. शिमला छोड़ो, स्पीती ले जाओ.” मी म्हटलं ही स्पीतीहूनच आलेली दिसते. डाव्या बाजूचा पत्रा बोटाने ठोकला, आवाज बद्द आला, म्हणजे ठोकर लपवायला आत लांबी भरलेली. स्पेअर चाकाखालची जागा हाताने चाचपली, बोटांना बारीक पांढरी माती. गाडीखाली वाकून बघितलं (उठताना जसविंदरने हात दिला), पोटाला दगडांचे ओरखडेच ओरखडे. मी बघतोय ते बघून त्याने स्पीतीचं नाव सोडलं. मग विचारलं, सर आप क्या काम करते हो. सांगितल्यावर त्याने चहा मागवला.

वीणाचं मात्र वेगळंच चाललं होतं. ती मागच्या सीटवर चक्क आडवी झाली. पाय दुमडून, डोक्याखाली पर्स घेऊन. मग उठून जसविंदरला तिच्या हिंदीत विचारलं, पीछे धक्का कितना लगता है, कोई सो के जाएगा तो. तो म्हणाला, मक्खन. मी परत येताना विचारलं, कोण झोपून जाणार आहे? म्हणाली, म्हातारपण येतंय ना. बरोबर आहे. माझ्याही मनात आलं होतं की आता मागे झोपून जायचे दिवस आले.

शनिवार, १९ ऑक्टोबर

काही बघितलं नाही. ऑफिसात अवनीच्या रस्त्यावरचा, कोटखाईच्या अलीकडच्या वळणावरचा एक क्लेम आला. ते वळण माझ्या ओळखीचं आहे. आडव्या वाढलेल्या देवदाराखालचं वळण, सात वर्षांतला तिसरा क्लेम. त्या रस्त्यावर मी आयुष्यात एकदाही गेलेलो नाही, पण कुठे कठडा तुटलाय, कुठे पाणी वाहतं, कुठे दरीत उतरायला पायवाट आहे, हे सगळं मला फोटोंवरून माहीत आहे. अवनी लग्नानंतर पहिल्यांदा वर निघाली होती तेव्हा मी दिवसभर ती वळणं एकेक करून मोजत बसलो होतो. ही गोष्ट मी वीणालाही सांगितलेली नाही.

घरी आलो तर वीणाने डबे उघडून ठेवले होते. डिंक, खारीक, खोबरं, अळीव. थंडीचं करतेय म्हणाली. एवढे लाडू दोघांना कशाला? तर म्हणे उरले तर उरले.

शनिवार, २६ ऑक्टोबर

मंडळातून कळलं म्हणून पंचकुलाला गेलो. रत्नप्रभाताई, हवाई दलातल्या अधिकाऱ्याच्या पत्नी. ते दोन वर्षांपूर्वी गेले, आता त्या मुलाकडे पुण्याला चालल्या आहेत. गाडी करड्या रंगाची, तशीच उंच, पण जोर फक्त पुढच्या चाकांना. एकाच हातातली. मी ठोकलं, चाचपलं, वाकलो, उठलो. कुठे काही नाही. मागच्या खणात यजमानांची छत्री आणि एक नकाशा तसाच होता.

बाईंनी पोहे केले होते, ओल्या नारळासकट. म्हणाल्या, “घेतली तेव्हा लडाख, स्पीती, सगळं ठरवलेलं होतं यांनी. गेली किती लांब? इथल्या सुखना लेकपर्यंत. दर रविवारी पुढच्या वर्षी म्हणायचे.”

मी म्हटलं, चांगलंच झालं, म्हणून गाडी चांगली राहिली. बाई हसल्या नाहीत. वीणा नकाशा घडी घालून परत ठेवत होती.

मला हीच घ्यायची. वीणाला अजून ती पांढरीच हवी. परतीच्या रिक्षेत म्हणाली, जानेवारीत जायची वेळ आली तर? मी म्हटलं, कशाला येईल वेळ?

मंगळवार, २९ ऑक्टोबर

कपाटात पॅनकार्ड शोधताना वीणाच्या फाइलखाली एक कार्ड सापडलं. सेक्टर १६च्या एका डॉक्टरीणबाईंचं, स्त्रीरोगतज्ज्ञ. मागे वीणाच्या अक्षरात दोन तारखा आणि ‘नाव आधी घालायला हवं’. कसलं नाव? ऑपरेशनच्या यादीत?

आता सगळ्याचा अर्थ लागतो आहे. मागच्या सीटवर आडवं होऊन बघणं. धक्का लागेल का विचारणं. दुपारी फोन लावला की कधीकधी न उचलणं. ती आजारी आहे आणि मला सांगत नाही.

विचारायला हवं. विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं.

रविवार, ३ नोव्हेंबर

भाऊबीज. दिवाळी आली तशी गेली. फटाक्यांचा धूर अजून खिडकीबाहेर लोंबकळतो आहे. वीणाने करंज्या केल्या, मी चार दिवस तिला काही उचलू दिलं नाही. ती दोनदा म्हणाली, तुम्हाला झालंय तरी काय. मी म्हटलं, काही नाही.

अवनीचा फोन आला. माझ्याशी बोलली ते एवढंच. हॅपी दिवाळी बाबा. तुलाही. आई बोली, गाड़ी ले रहे हो. हो, बघतोय. कौनसी? एक सगळ्या चाकांची आहे, एक पुढच्या दोनच चाकांची. आप को कौनसी ठीक लगती है? पुढच्या चाकांची. मग म्हणाली, आई को दो फोन.

दोघी बाल्कनीत दार लावून अर्धा तास बोलल्या. मी आतून वीणाची पाठ बघत होतो. बहुधा आजाराबद्दल बोलत असाव्यात. पोरीला माहीत आहे आणि मला नाही.

सोमवार, ४ नोव्हेंबर

सकाळी डबा हातात देताना वीणा म्हणाली, “तुमची ती पुढच्या चाकांचीच घ्या. पण याच आठवड्यात घ्या.”

महिनाभर धरलेला हेका असा एका रात्रीत सोडला. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मला भीती वाटली. वर जायची आशाच तिने सोडली की काय.

शनिवार, ९ नोव्हेंबर

गाडी घरी आली. रत्नप्रभाताईंनी चावी देताना छत्री राहू द्या म्हटलं, नकाशाही. वीणाने हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. चाकांखाली लिंबं ठेवायची, तर हिने दोनच आणली होती. दोन्ही पुढच्या चाकांखाली ठेवली. मी म्हटलं, मागच्यांनी काय पाप केलं? म्हणाली, “ओढणारी हीच ना, मान यांनाच.”

चालवायला छान आहे. पायाखाली हलकी, वळताना मऊ. रॉक गार्डनपर्यंत जाऊन आलो. खूप दिवसांनी काहीतरी मनासारखं झालं आणि तरी घरी येऊन सोफ्यावर नुसता पडून राहिलो.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

हवा इतकी खराब की समोरची इमारत दिसत नाही. वीणा रोज गाडी घेऊन बाहेर जाते. लखनौत तिने लायसन काढलं होतं, नंतर दहा वर्षं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आता म्हणते हात बसवते. एवढ्या धुरात कशाला, म्हटलं. ऐकत नाही. उपचारांना एकटीने जायची तयारी करत असणार. मी एवढा का निरुपयोगी आहे तिच्या लेखी?

ऑफिसातून डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात फोन लावला. रिसेप्शनवरच्या मुलीने पेशंटचं नाव विचारलं. मी फोन ठेवला.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

आज काय झालं ते सुरुवातीपासून लिहितो.

साडेअकराला ऑफिसात मोबाइलवर फास्टॅगचा मेसेज आला. माझी गाडी चंडीमंदिरच्या टोलनाक्यातून गेली. थोड्या वेळाने दुसरा, सनवारा. सनवारा म्हणजे परवाणूच्या वर, सोलनच्या घाटात. वीणाला फोन लावला, लागला नाही. पुन्हा, पुन्हा. माझ्या समोर टेबलावर एका घाटातल्या गाडीचे फोटो पडले होते, ते मी उलटे करून ठेवले. शेजारच्या सुबोधने पाणी आणून दिलं. मला एकच दिसत होतं, आजाराला कंटाळून ही बाई एकटीच त्या घाटात निघाली आहे.

सव्वातीनला सनवाराचा परतीचा मेसेज आला. मी अर्धी रजा टाकून घरी जाऊन जिन्यात बसलो. ती आली, गाडी नीट रेषेत लावली, मला बघून थांबली. मी काय बोललो ते आठवत नाही, पण वरच्या मजल्यावरचं दार उघडलं होतं एवढं आठवतं. शेवटी मी म्हणालो, तुला काय झालंय ते मला आज सांगायचं.

“मला?” वीणा म्हणाली. “मला काय धाड भरलीये? अवनीला सातवा लागलाय.”

मी बसलेलाच होतो म्हणून बरं.

मग ती तिथेच पायरीवर शेजारी बसली आणि सगळं सांगितलं. फेब्रुवारीच्या मध्यावर तारीख आहे. तिकडे वर डॉक्टर नाही, शिमल्याला न्यायचं तर रस्ता उघडा असायला हवा. इथल्या डॉक्टरीणबाईंकडे नाव घालायचं ते अवनीचं. लाडू अवनीचे. मागची सीट अवनीची. आणि आज ती धरमपूरपर्यंत चढून आली, कारण मी गेलो नाही तर ती स्वतः जाणार होती.

“मला का नाही सांगितलं?”

“तिने शपथ घातली होती. म्हणाली, बाबांना कळलं तर बाळासाठी येतील. मला माझ्यासाठी बोलावलेलं हवं.” वीणाने डोळे पदराने पुसले नाहीत, नुसते उघडे ठेवले. “पहिलं बाळंतपण, आणि माहेरचं कोणी न्यायला जात नाही. त्या माणसांना काय सांगत असेल ती? मी मोडली आज शपथ. आता तुमचं तुम्ही बघा.”

रविवार, २४ नोव्हेंबर

तीन दिवस बघतोय. माझं आयुष्य ‘बघू’ म्हणण्यात गेलं.

आमच्या देवरुखला मुलगी माहेरी न्यायची तर माहेरचा माणूस जाऊन तिला घेऊन यायचा. मुऱ्हाळी. माझ्या थोरल्या बहिणीला, कांचनताईला, आणायला वडील एसटीने दोन गाड्या बदलून कागलला गेले होते, अंगात ताप असताना. दारात उभं राहून एवढंच म्हणाले होते, न्यायला आलोय. मी तेव्हा दहा वर्षांचा, सोबत होतो. ताई आतून धावत आली होती. मुऱ्हाळ्याशिवाय ती एकटी आली असती तर गावाने विचारलं असतं, माहेरी कोणी उरलं नाही काय.

अवनीला हे कोणी सांगितलं? ती देवरुखला चार उन्हाळे राहिली असेल. तरी बुलाओगे तो आऊंगी हे तिला आपोआप आलं. माझ्याकडूनच आलं असणार, अडून बसणंही.

मी जायला तयार आहे. मला त्या रस्त्याची भीती वाटते, एवढंच आहे. दोन वर्षं ते मी सगळ्यांना तत्त्व म्हणून सांगत होतो. आज पहिल्यांदा लिहिलं.

शनिवार, ३० नोव्हेंबर

रजेचा अर्ज टाकला नाही. साहेब नाहीत, महिनाअखेर आहे, वगैरे.

मंगळवार, ३ डिसेंबर

हवामानखात्याने रविवारपासून वर बर्फ सांगितला आहे. बर्फ पडला की पोलीस नाका लावतात, चारही चाकांत जोर असलेल्या गाड्यांनाच वर सोडतात. आमच्यासारख्यांना परत फिरवतात.

म्हणजे माझ्याकडे रविवारपर्यंतचा वेळ आहे. ती पांढरी घेतली असती तर मी काय म्हटलं असतं ते मला चांगलंच ठाऊक आहे. घाई काय आहे, आपली गाडी बर्फातही जाते, जानेवारीत बघू. आणि जानेवारीत म्हटलं असतं, बर्फात कसं जायचं?

साहेब नव्हतेच, अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. वीणाला म्हटलं, गुरुवारी निघतोय. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं नाही. “लाडवांचा डबा पुढे ठेवा, मागे हलेल,” म्हणाली. तीही येणार का विचारलं, तर नको म्हणाली. “दोघं गेलो तर ती माझ्याच गळ्यात पडेल. तुम्ही एकटे जा.”

गुरुवार, ५ डिसेंबर, कुलदीपच्या घरी

पोचलो. हात अजून स्टिअरिंगवर असल्यासारखे आखडलेत.

पहाटे निघालो. शिमला बाहेरून टाकलं. ठियोगच्या पुढे एकेक वळण येत गेलं आणि मी त्यांना ओळखत गेलो. हे ट्रकवालं. हे लग्नाच्या वऱ्हाडाचं. कोटखाईच्या अलीकडे ते आडव्या देवदाराचं आलं. फोटोत कधी दिसलं नव्हतं की तिथे एक चहाची टपरी आहे आणि समोर ऊन पडलेलं पूर्ण खोरं आहे. माझ्याकडे त्या जागेचे तीन क्लेमचे फोटो आहेत आणि सगळ्यांत कॅमेरा खाली दरीकडे बघतो. मी थांबून चहा घेतला. टपरीवाल्या बाईने विचारलं, कहाँ जाना है. मी म्हटलं, बेटी को लेने. मोठ्याने म्हणून बघितलं, जमतंय का ते.

खडापत्थरच्या वर शेवटचा चढ कच्चा आणि गारठलेला. पुढची चाकं दोनदा जागच्या जागी फिरली. मी मागे घेतली, दम खाल्ला, पुन्हा घातली. तिसऱ्यांदा चढली. वर दोन सफरचंदाची झाडं, निष्पर्ण, आणि मध्ये लाकडी दार. कुलदीप धावत बाहेर आला आणि माझ्या पाया पडला. त्याच्यामागे दारात अवनी. मोठी शाल, लोकरीची टोपी, आणि शालीआडून सगळं दिसत होतं. चेहरा तिच्या आजीसारखा झालाय.

रस्ताभर मी वाक्यं जुळवली होती. एकही आलं नाही.

“न्यायला आलोय,” मी म्हणालो.

तिने शाल आवरून घेतली. “आई ने बता दिया ना?”

खोटं बोलणार होतो. पण एवढा घाट चढल्यावर खोटं बोलायला श्वास लागतो. “सांगितलं,” मी म्हणालो. “दोन आठवडे झाले. तरी आज आलो. बाळासाठी यायचं असतं तर दुसऱ्या दिवशी आलो असतो. तुझ्यासमोर यायची मला भीती वाटत होती, अवनी. आणि त्या वळणांची.”

ती बाजूला सरकली. दाराच्या आत, चपलांच्या शेजारी, निळी बॅग भरून उभी होती. तिच्यावर घडी घातलेलं स्वेटर, आणि त्यावर बारीक धूळ.

“भाऊबीज से पैक है,” ती म्हणाली.

रात्रीच्या जेवणाला सिड्डू, म्हणजे इकडची वाफवलेली जाड भाकरी, आणि तूप होतं. कुलदीपची आई वाढत होती आणि मला पुन्हापुन्हा एकच सांगत होती, हमने कहा था बहू को, पापा आएंगे. अवनीने मला गाडीबद्दल विचारलं. मी म्हटलं, आईला ऑल-व्हील हवी होती, मग एका रात्रीत कशी काय पटली कोण जाणे. अवनी ताटात बघून हसली.

“मैंने बोला था आई को. बाबा को दो पहिये वाली ही लेने दो. चार वाली ली तो मार्च तक ‘बघू बघू’ करेंगे. दो वाली को बर्फ से पहले आना ही पड़ेगा.”

एकतीस वर्षं लोकांची खोटी विधानं मी पहिल्या ओळीत पकडतो. माझ्या घरातल्या दोन बायकांनी बाल्कनीचं दार लावून माझा पूर्ण सर्व्हे केला आणि मला पत्ता लागला नाही. राग यायला हवा होता. मी अजून एक सिड्डू मागून घेतला.

शनिवार, ७ डिसेंबर

काल सावकाश उतरलो, सोलनला मुक्काम केला, आज दुपारी घरी. दारात वीणाने भाकरतुकडा ओवाळून टाकला, अवनीच्या पायांवर पाणी घातलं. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी लाडवांचा रिकामा डबा घेऊन उभा होतो. सगळे लाडू कुलदीपच्या आईकडे ठेवून आलो, याबद्दल अजून बोलणी बसायची आहेत.

उतरताना अवनी मागे झोपून होती. देवदाराच्या वळणाआधी मी गती कमी केली तर तिने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. हेच ते वळण असं मी बोललो नव्हतो, तरी कसं कळलं माहीत नाही. वळण संपेपर्यंत हात तिथेच होता.

“बाबा,” ती म्हणाली, मराठीत, “मी आहे ना. हळूच घ्या.”

रविवार, ८ डिसेंबर

वर बर्फ पडला. टीव्हीवर नाका दाखवत होते, परत फिरवलेल्या गाड्यांची रांग, त्यांत आमच्यासारखीच एक करडी. वीणा म्हणाली, बघा. मी बघितलं.

अवनी आतल्या खोलीत झोपली आहे. पलंगाखाली लखनौहून आलेली तिची खोकी सात वर्षं तशीच बांधलेली होती, आता बदली होईल, मग होईल म्हणून. दुपारी मी त्यांच्या दोऱ्या सोडल्या.